सीमाभागातली पायवाट: चालण्यातून कलाकृती कशी घडवायची

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची हे कर्नाटकातलं शेवटचं गाव, त्यापुढचं शिनोळी महाराष्ट्रातलं. गाडीतून जाताना पाटी वाचून होईपर्यंत राज्य बदललेलं असतं. पायी गेलात तर हे बदलणं बराच वेळ चालतं. पाट्यांची लिपी बदलते, एसटीचा थांबा लागतो, पंचायतीच्या फलकावरच्या योजनेचं नाव बदलतं. शेतं मात्र तीच, भात तोच, बांधावर उभं राहून चाललेल्या गप्पाही त्याच बोलीतल्या. नेमक्या कुठल्या पावलाला राज्य बदललं, ते सांगता येत नाही. या अशा पट्ट्यात चालून त्यातून कलाकृती कशी घडवायची, ते या लेखात क्रमानं सांगतो आहे. उदाहरणं चंदगड (कोल्हापूर जिल्हा), बेळगाव आणि दोडामार्ग (सिंधुदुर्ग जिल्हा) या पट्ट्यातली आहेत, कारण महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा इथं एकमेकांच्या अगदी जवळ येतात. पद्धत मात्र कुठल्याही सीमाभागात चालेल.

गड सर करण्याची सवय असलेल्यांनी आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. इथं शिखर नाही, वेळेची शर्यत नाही, किती किलोमीटर झाले हे मोजून काही हाती लागत नाही. दिवसभरात सहा किलोमीटर चालून वही भरली, तर दिवस सार्थकी लागला.

चालणं ही कला केव्हा होते

१९६७ मध्ये रिचर्ड लाँग या तरुण इंग्लिश कलावंतानं एका गवताळ शेतात सरळ रेषेत पुन्हा पुन्हा ये-जा केली. गवत दबून रेघ उमटली, तिचा त्यानं फोटो काढला. चालणं हीच कलाकृती असू शकते, या विचाराला तिथून जोर मिळाला. २००४ मध्ये फ्रान्सिस आलिस हा कलावंत गळक्या डब्यातून हिरवा रंग सांडत जेरुसलेममधून चालला. १९४९ च्या इस्रायल-जॉर्डन युद्धबंदीची जी रेषा नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं मारली होती, ती त्यानं पायी जमिनीवर उतरवली. या दोघांत एक गोष्ट समान आहे. दोघांनी निघण्याआधी एक साधा नियम ठरवला आणि तो शेवटपर्यंत पाळला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणारी वारी म्हणजे नेमानं चालणंच आहे: कुठं थांबायचं, कुठं रिंगण करायचं, कुठला अभंग कधी म्हणायचा, सगळं ठरलेलं. आणि ज्या सीमेबद्दल आपण बोलतो आहोत, तिथं तर चालण्याला रक्ताचा इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला बांद्याजवळच्या पत्रादेवीला गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही पायी पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आज तिथं स्मारक आहे. या भागात चालायला निघण्यापूर्वी तिथं जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं. पाऊल पलीकडे टाकणं म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्यावर वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया एकच: नेम. तो ठरवला आणि पाळला, की भटकंतीची कला व्हायला सुरुवात होते.

पहिली पायरी: पट्टा निवडा, रेषा नको

नवखा माणूस नकाशावरची सीमारेषा बघतो आणि तिच्या कडेकडेनं चालायचं ठरवतो. हे टाळा. एक तर ती रेषा ओढ्यातून, खाजगी शेतातून, राखीव जंगलातून जाते. दुसरं म्हणजे कडेनं चालणारा माणूस दोन्हीकडे पाठ फिरवून चालतो. त्यापेक्षा गोधडीला टाके घालतात तसं चाला: एकदा अलीकडच्या गावात, एकदा पलीकडच्या, पुन्हा अलीकडे. सीमा दिवसातून तीन-चारदा ओलांडली गेली पाहिजे.

सीमेला रुंदी असते, हे गणितानंही दाखवता येतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० मापाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर २५ मीटर. एक घर, परसातली विहीर आणि समोरचं आंब्याचं झाड एवढं सगळं त्या रेघेच्या जाडीत मावतं. तुमचं काम त्या जाडीत आहे.

पट्टा निवडताना तिथं कुठल्या सीमा एकमेकींवर पडल्या आहेत ते बघा. चंदगडच्या बाबतीत निदान तीन दिसतात.

पहिली राज्याची. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. बाजार, दवाखाना, कॉलेज, सोयरीक यांची ओढ मात्र बेळगावकडेच राहिली. शिनोळीहून बेळगाव वीसेक किलोमीटर, आणि जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर शंभराच्या पुढं.

दुसरी पाण्याची. ताम्रपर्णी नदी चंदगड तालुक्यातून वाहत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जातं. तिलारी नदी घाट उतरून दोडामार्गात जाते, गोव्यात शिरल्यावर शापोरा होते आणि अरबी समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर अशी जागा शोधता येते, की तुमच्या एका बाजूला पडलेला थेंब पूर्वेला जाणार आणि दुसऱ्या बाजूचा पश्चिमेला. ही सीमा कुठल्याच आयोगानं आखलेली नाही.

तिसरी देवाची. चंदगडचा रवळनाथ, घाटाखाली दोडामार्गापासून गोव्यापर्यंत वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी. प्रत्येक गावाच्या शिवेवर राखणदाराचं ठिकाण असतं, कुठं नुसता दगड, कुठं झाडाखाली दिवा. गाव कुठं संपतं, हे महसुली नकाशापेक्षा या जागा जास्त नेमकेपणानं सांगतात.

पहिल्याच खेपेला तिन्हींच्या मागं लागू नका. एक धरा.

दुसरी पायरी: कागद जमवा

१:५०,००० चे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, सहसा २० मीटर उंचीच्या अंतरानं असतात. त्या दाट झाल्या की चढ उभा आहे असं समजा. गावाचा नकाशा हवा असेल तर महाराष्ट्रात महसूल खात्याचे भूनकाशे ऑनलाइन बघता येतात. कर्नाटकाच्या बाजूचे वेगळे बघावे लागतात. दोन्ही शेजारी ठेवून बघा. एका बाजूला गट नंबर, दुसऱ्या बाजूला सर्व्हे नंबर, आणि एकाच ओढ्याला दोन वळणं दिलेली. ही विसंगती पुढं कलाकृतीत उपयोगी पडते, म्हणून दोन्हींच्या छापील प्रती काढून ठेवा.

कागदावरच्या वाटांवर फार विसंबू नका. पाणंद बुजलेली असते, ओढ्यावरचा साकव गेलेला असतो, काजूची बाग नवी झालेली असते. नकाशा प्रश्न विचारण्यासाठी न्यायचा, उत्तरं गावात मिळतात.

अंतराचा अंदाज असा बांधा. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाला वरती एक तास, असा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे. आपण थांबत, ऐकत, लिहीत जाणार, म्हणून तो वेळ दुप्पट धरा आणि त्यात गप्पांसाठी दोन तास मिळवा. उन्हं कलायच्या आत मुक्कामाच्या गावात पोचता येईल एवढीच वाट आखा.

तिसरी पायरी: नेम ठरवा

या पायरीवर वेळ घालवा. नेम एका वाक्यात सांगता आला पाहिजे, आणि वाटेत भेटलेल्या शेतकऱ्याला तो ऐकून लगेच कळला पाहिजे. समजावून सांगायला पाच मिनिटं लागली तर नेम कच्चा आहे. वापरून बघावेत असे काही सांगतो.

*विचारून चालण्याचा नेम.* नकाशा पिशवीत ठेवायचा. पुढच्या गावची वाट फक्त माणसांना विचारायची, आणि प्रत्येकाला ती काढून दाखवायला सांगायची, मातीत काटकीनं किंवा वहीत. माझा सर्वांत आवडता नेम हाच, कारण माणसं वाट काढताना स्वतःचं आयुष्य काढतात. चंदगडच्या पूर्वेकडच्या एका गावात एका मावशींनी मला वाट काढून दिली, त्यात कुठलाच रस्ता नव्हता. आधी त्यांनी स्वतःचं घर काढलं, एक चौकोन. मग दूरवर दुसरा चौकोन, "ही माझी थोरली." तिसरा, "हितं धाकटी दिल्या." मधे तीन टिंबं काढली. ती मोळी टेकायची ठिकाणं, पूर्वी डोक्यावर ओझं घेऊन जाताना दम खायला थांबायच्या त्या जागा. थोरलीचं घर कर्नाटकात होतं. मी विचारलं, "मावशी, मधे कर्नाटक कुठं लागतं?" त्यांनी काटकी दुसऱ्या आणि तिसऱ्या टिंबाच्या मधे टेकवली, जरा विचार केला, आणि म्हणाल्या, "हितं कुठंतरी. पन पानी हितं चांगलं हाय," आणि तिथंच शेजारी झऱ्याची खूण केली. त्या पानाचा मी नंतर काहीही न बदलता उपयोग केला. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

*पाण्याचा नेम.* एका ओढ्याच्या उगमापासून सुरुवात करायची आणि तो मोठ्या पाण्याला मिळेपर्यंत त्याला दिसण्याच्या किंवा ऐकू येण्याच्या अंतरावर ठेवायचं. पाणवठ्यावर थांबून, हे पाणी इथून कुठं जातं असं भेटेल त्याला विचारायचं. घाटावर ज्याला ओढा म्हणतात त्याला खाली उतरल्यावर व्हाळ म्हणतात. उत्तरांमध्ये असे शब्द आपोआप बदलत जातात, ते टिपायचे.

*अक्षरांचा नेम.* सीमेच्या दोन्ही बाजूंना एक-एक किलोमीटरच्या आत दिसणारं प्रत्येक लिहिलेलं अक्षर उतरवून घ्यायचं: मैलाचा दगड, शाळेची भिंत, दुधाच्या डेअरीचा फलक, ट्रॅक्टरमागचं नाव, विहिरीवर सिमेंट ओलं असताना बोटानं कोरलेलं साल. फोटो काढायचा नाही, हातानं लिहायचं. कन्नड लिपी येत नसेल तर चित्र काढल्यासारखी उतरवा आणि संध्याकाळी कुणाकडून तरी वाचून घ्या. वाचून घेण्याच्या निमित्तानं ओसरीवर बसायला मिळतं, ते या नेमाचं खरं फळ.

*मौनाचा नेम.* एका गावच्या शिवेपासून दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत बोलायचं नाही, शीव लागली की थांबून ऐकलेल्या आवाजांची यादी करायची. हा नेम सोबत असेल तरच पाळा. एकटा माणूस गावातून काहीच न बोलता गेला तर लोकांना ते बरं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

नेम एका वेळी एकच. वाटेत मोह होतो, दुसरं काहीतरी सुंदर दिसतं. त्याची वहीच्या मागच्या पानावर ओळभर नोंद करून पुढं चला.

चौथी पायरी: हंगाम आणि दिवस

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. भात कापून झालेलं असतं, बांधावरून चालता येतं, सुगीनंतर माणसांना बोलायला सवड असते. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर पाऊस, धुकं, जळवा, निसरडे कातळ. तेव्हा वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय जाऊ नये. मार्च ते मे काजूचा हंगाम. बागांतून अनोळखी माणसानं फिरणं मालकांना रुचत नाही.

काही दिवस मुद्दाम टाळा. १७ जानेवारी हा सीमालढ्यातला हुतात्मा दिन. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि बेळगावातले मराठी भाषक तो काळा दिवस म्हणून पाळतात. डिसेंबरमध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की वातावरण तापतं, २०२२ च्या डिसेंबरात तर दोन्हीकडच्या बससेवेवर परिणाम झाला होता. ज्यांना या दिवशी सामील व्हायचं आहे त्यांनी जरूर व्हावं. पण वही घेऊन कलेसाठी फिरायचे हे दिवस नव्हेत. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि ८६५ गावं महाराष्ट्रात यावीत असा ठराव महाराष्ट्र विधिमंडळानं २०२२ मध्ये केला. इथल्या घराघरांत त्याची झळ बसलेली माणसं आहेत. २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरमध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला गावाच्या नावाचा फलक हटवण्यावरून पोलिसांचा लाठीमार झाला, ते इथं सगळ्यांना आठवतं. तेव्हा पाटीसमोर हसत फोटो काढण्याआधी ही आठवण ठेवा.

शिवाय काही गावांत वार पाळतात, म्हणजे ठरलेल्या दिवशी शेतात काम करत नाहीत. तो वार कुठला ते आधी विचारून घ्या. त्या दिवशी माणसं घरी भेटतात, पण शेतातून चालत जाणं बरं दिसत नाही.

पाचवी पायरी: आधी माणसांत जा

चालायच्या निदान आठवडाभर आधी एकदा गावात जाऊन या. सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटा, आपण कोण, कुठले, काय करणार ते सांगा, मोबाइल नंबर देऊन ठेवा. कर्नाटकाच्या बाजूला ग्रामपंचायतीत असंच करा. वाट जंगलातून जात असेल तर वनखात्याची परवानगी लागते. दोडामार्गात तिलारी परिसराचा काही भाग २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे, तिथं परवानगीशिवाय शिरू नका. ड्रोन आणूच नका.

वाटेत पहिला प्रश्न ठरलेला असतो. चंदगडात "कुठनं आलासा?", घाटाखाली "खंय चल्लास?" दुसराही जवळजवळ ठरलेला: "सर्व्हे करताय काय?" या प्रश्नामागं भीती आहे, आणि ती खरी आहे. धरणासाठी जमिनी गेल्या, खाणींची टांगती तलवार आली, रस्त्यांसाठी मोजणी झाली. वही आणि नकाशा घेतलेला शहरी माणूस म्हणजे आपल्या जमिनीवर काहीतरी येणार, हा इथल्या लोकांचा अनुभव आहे. म्हणून गोलमोल उत्तर देऊ नका. "प्रकल्प", "संशोधन", "डॉक्युमेंटेशन" हे शब्द तर तोंडातून काढूच नका. सरळ सांगा: "काका, मी चित्रं काढतो. या गावापासून त्या गावापर्यंत चालत जायचं आणि माणसं वाट कशी सांगतात ते लिहायचं, एवढंच काम. जमिनीशी संबंध नाही." वही उघडून दाखवा. वहीत गट नंबर लिहिलेले नसतील तर शंका तिथंच फिटते.

चहाला नाही म्हणू नका. बसायला सांगितलं की बसा. विडी-काडी, चॉकलेटं वाटत फिरू नका. कुणी अर्धा दिवस मोडून वाट दाखवायला आलं तर त्या दिवसाची मजुरी आधी ठरवून द्या आणि जेवण बरोबर करा. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत मराठी सर्रास चालतं. तरी दारी (वाट), नीरू (पाणी), ऊरू (गाव) एवढे तीन कन्नड शब्द पाठ असले तर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटते.

फोटो आणि ध्वनिमुद्रणाआधी विचारा. बायकांशी बोलायचं असेल तर शक्यतो गटात एक तरी बाई असू द्या.

सहावी पायरी: चालण्याचा दिवस

सामान थोडं. दोन लिटर पाणी, मीठ-साखर, भाकरी-चटणी, टोपी, काठी, विजेरी, नेहमीची औषधं. जाड पुठ्ठ्याची छोटी वही आणि दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल, कारण दवात आणि घामात शाई पसरते. मोबाइल आवाज टिपण्यापुरता. नकाशाची छापील प्रत हवीच, दरीत नेटवर्क जातं.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दोडामार्ग आणि त्याच्या आसपास २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, पालापाचोळ्यावर न बसणं, घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ आणि अंग तपासणं, एवढं करा. गोचिडी दूर ठेवण्यासाठी अंगाला लावायचं तेल मिळतं का, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. जंगलातून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठं फिरलात ते सांगायला विसरू नका.

दोडामार्गातल्या मोर्ले, केर, हेवाळे या पट्ट्यात कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे, तिथं माणसं दगावली आहेत. घाटमाथ्यावर गवे. पहाटे आणि तिन्हीसांजेला या भागात पायी फिरू नका. गावकऱ्यांनी "आज नको" म्हटलं तर तो शब्द अखेरचा माना, नेम मोडला तरी चालेल.

सुरुवात करायला शिनोळी ते महिपाळगड ही वाट मी सुचवीन. शिनोळीहून देवरवाडी, तिथं वैजनाथाचं जुनं दगडी देऊळ, आणि वर महिपाळगड. हा गड रिकामा नाही, त्याच्यावर नांदतं गाव आहे. पूर्वेला बेळगाव पसरलेलं दिसतं. एका नजरेत दोन राज्यं, आणि मधे काहीच नाही. अक्षरांच्या किंवा विचारून चालण्याच्या नेमाला ही एक दिवसाची वाट पुरेशी आहे.

सवय झाली की पारगड. इसापूरहून वर, तान्हाजी मालुसऱ्यांच्या वंशजांची वस्ती असलेल्या गडावर मुक्काम करायचा, भवानीचं दर्शन घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी वाटाड्या घेऊन घाट उतरून मोर्ल्याला. घाटमाथा आणि तळकोकण यांतला फरक इथं पायांना कळतो: थंडी सरते, हवा दमट होते, नाचणीच्या खाचरांच्या जागी सुपारीच्या बागा येतात, बोलण्याचा हेल बदलतो. पाण्याच्या नेमासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. फक्त हत्तींची खबर घेतल्याशिवाय निघू नका.

सातवी पायरी: नोंद कशी करायची

दर पाचशे पावलांनी थांबा. पावलं मोजताना मन इकडेतिकडे जात नाही, हा त्याचा मोठा फायदा. थांबल्यावर पाच गोष्टी लिहायच्या: वेळ, पायाखाली काय, सर्वांत जवळचा आवाज, सर्वांत लांबचा आवाज, आणि नेमाप्रमाणे जे मिळालं ते. उदाहरणादाखल एक नोंद:

"८.४०. पायाखाली लाल माती, वर दवानं ओलं गवत. जवळ: विळ्याला धार लावल्याचा आवाज, खर-खर, मधे थुंकी. लांब: एसटीचा हॉर्न, वळणावर दोनदा. हद्दीचा दगड, जांभ्याचा, गुडघ्याएवढा, चुना उडालेला. वर कुणीतरी शेंगदाण्याची टरफलं ठेवलेली. उत्तरेकडच्या अंगाला शेवाळ. शेतमालक म्हणाला, बैल घासतात म्हणून तो कलला."

बघा, यात कुठं "सुंदर", "रम्य", "शांत" असे शब्द नाहीत. ते वाटेवर लिहूच नका. बैल घासतात म्हणून सीमेचा दगड कलतो, ही माहिती विशेषणांपेक्षा कितीतरी जास्त काम करते. भावना लिहायच्याच असतील तर रात्री, वेगळ्या पानावर.

बोलणं जसं ऐकलं तसं लिहा. "पानी" ऐकलं तर "पाणी" करू नका. मुक्कामाला पोचल्यावर झोपायच्या आधी दिवसभराची नोंद एकदा मोठ्यानं वाचा. सकाळी तपशील पुसट होतात.

आठवी पायरी: नोंदींतून कलाकृती

घरी आल्यावर वही आठ-दहा दिवस मिटून ठेवा. मग उघडून विचारा: हा नेम न पाळता या पानांतलं काय मिळालं असतं? जे कसंही मिळालं असतं, ते बाजूला काढा. उरेल तो गाभा.

त्याचं रूप नेमातूनच निघतं. लोकांनी काढलेल्या वाटा एकाच मापात आणून एका लांब कापडावर शेजारी शेजारी उतरवता येतात, आणि खाली महसुली नकाशातली सीमा फिकट छापता येते. पाण्याच्या नेमातून ऐकण्याची कृती होते: ओढ्यापासून व्हाळापर्यंतचे आवाज, मधे माणसांची उत्तरं, एकही निवेदन नाही. अक्षरांच्या नेमातून भिंतभर फलक होतो, एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि मधे दोन्ही लिप्या एकत्र असलेल्या पाट्या. लिहिणाऱ्यानं लिहावं, पण कडवी किंवा परिच्छेद पावलांच्या थांब्यांप्रमाणे पाडावेत.

प्रत्येक कृतीबरोबर नेम एका वाक्यात छापा. तो कळला की बघणारा तुमच्याबरोबर चालायला लागतो.

नववी पायरी: आधी गावात दाखवा

शहरातल्या दालनात नेण्याआधी काम जिथून आलं तिथं न्या. शाळेची पडवी, देवळाचा मंडप, दुधाच्या डेअरीसमोरची भिंत चालते. देवळात दाखवायचं तर मानकऱ्यांना विचारा. दोडामार्गाकडे जत्रांच्या दिवसांत दशावताराची मंडळं रोज नव्या गावात असतात. तो माहोल प्रेक्षक जमवायला उत्तम, पण खेळाच्या वेळेशी स्पर्धा करू नका, दुपारी मांडा आणि संध्याकाळी आवरा. दोन्ही राज्यांतल्या गावांत दाखवणं ही माझ्या मते अट आहे, सवलत नाही. फक्त एका बाजूला दाखवलं तर चालताना ओलांडलेली सीमा तुम्ही स्वतःच पुन्हा आखली असं होतं.

लोक चुका काढतात: हा ओढा असा वळत नाही, ही वाट त्या घरामागून जाते, हे माझं बोलणं नव्हे. त्या तिथंच, त्यांच्याच हातानं, कृतीवर लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून घ्या आणि पुढच्या प्रदर्शनात लाल खुणा तशाच राहू द्या. कुणी आपलं चित्र किंवा आवाज काढून टाका म्हटलं, तर कारण न विचारता काढा.

ज्यांनी वाटा काढून दिल्या त्यांना त्यांच्या पानाची चांगली प्रत द्या, नाव घालायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. पूर्ण संचाची एक-एक प्रत दोन्हीकडच्या प्राथमिक शाळेत ठेवा, पाठीमागं तुमचा नंबर लिहून. पुढच्या हंगामात कुणाला त्याच वाटेनं जायचं असेल, तर ते तिथूनच सुरुवात करू शकतील.